दोघांचे एक स्टेशन आणि ६३ मिलिमीटर

विद्यार्थी मित्रांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा आणि कागदावर ६३ मिलिमीटर लांबीची रेघ ओढा. चार बोटे जुळवून तिच्यावर ठेवलीत तर ती जवळजवळ झाकून जाईल. एवढ्याशा अंतरासाठी जपानमधील एका रेल्वे कंपनीने १९५९ साली आपल्या सुमारे ८० किलोमीटर मार्गावरचे रूळ उकलून पुन्हा ठोकले. या खटाटोपाला मी शहाणपणा म्हणतो. का, ते पाहा.

कंपनीचे नाव केइसेई. टोकियोच्या पूर्वेकडून तिच्या गाड्या शहराकडे येत. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते १३७२ मिलिमीटर. हे माप आले टोकियोत पूर्वी घोडे ओढत असलेल्या ट्रामगाड्यांवरून! शहराच्या दक्षिणेकडे केइक्यू ही दुसरी कंपनी. तिचे अंतर १४३५ मिलिमीटर. महानगर शासनाने शहराच्या पोटातून भुयारी मार्ग काढून या दोहोंना जोडायचे ठरवले. उपनगरातल्या माणसाने शहराच्या वेशीवर उतरून दुसऱ्या गाडीसाठी धावपळ का करावी? त्याची गाडीच सरळ भुयारात शिरू दे, अशी ती कल्पना होती.

येथे पदार्थविज्ञान आडवे येते. बैलगाडीची चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात; आगगाडीची दोन्ही चाके आसावर पक्की बसवलेली असतात आणि आसासकट फिरतात. प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने एक कडा असते. ती रुळाच्या आतल्या अंगाला राहून चाकाला रुळावरून उतरू देत नाही. कडा आणि रूळ यांत मोकळीक असते ती थोड्या मिलिमीटरांची. तेथे ६३ मिलिमीटर म्हणजे डोंगरच की! तेव्हा कोणीतरी एकाने बदलणे भाग होते. केइसेईने ते मान्य केले. १९५९ च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले आणि डिसेंबरच्या आरंभी संपले. सगळी वाहतूक एकदम बंद न करता, एकेक टप्पा घेऊन. रूळ बदलले म्हणजे डब्यांखालची चाकेही बदलणे आले, हे विसरू नका.

४ डिसेंबर १९६० रोजी ओशिआगे स्टेशनातून केइसेईच्या गाड्या महानगराच्या भुयारात धावू लागल्या. उपनगरी कंपनी आणि भुयारी रेल्वे यांनी एकमेकांच्या रुळांवर गाड्या चालवण्याची जपानमधील ही पहिलीच वेळ. २१ जून १९६८ रोजी सेनगाकुजी स्टेशनात केइक्यूही येऊन मिळाली. या दोन्ही भुयारी स्टेशनांत दोन मालकांची हद्द एकमेकींना भिडते. येथे चालक बदलतो, प्रवासी बसलेलाच राहतो. नारिता आणि हानेदा या टोकियोच्या दोन विमानतळांमध्ये आज याच वाटेने थेट गाड्या धावतात. हिशेबही पाहण्यासारखा आहे. माझी गाडी तुमच्या रुळांवर जितके किलोमीटर धावेल, साधारण तितकेच तुमची गाडी माझ्या रुळांवर धावावी, असे वेळापत्रक आखतात. पैशांची देवघेव कमी राहते.

पण रुळांमधले अंतर जुळले म्हणजे झाले, असे समजू नका. टोकियोतील सर्वांत जुना भुयारी मार्ग, १९२७ साली सुरू झालेला गिंझा मार्ग, हाही १४३५ मिलिमीटरचाच! तरी केइसेईची गाडी त्यावर चालणार नाही. तेथे वीज मिळते ती शेजारच्या तिसऱ्या रुळातून, ६०० व्होल्ट दाबाने. केइसेईची गाडी वीज घेते डोक्यावरच्या तारेतून, १५०० व्होल्ट दाबाने. तेवढीच शक्ती ६०० व्होल्टवर पुरवायची तर अडीचपट प्रवाह लागेल, आणि तारेचा रोध तोच धरला तर उष्णतेत वाया जाणारी वीज अडीचचा वर्ग, म्हणजे सव्वासहापट होईल. (सूत्र तुम्हाला ठाऊक आहे, पडताळून पाहा.) तिसऱ्या रुळामुळे भुयार मात्र बुटके चालते, खोदाईचा खर्च वाचतो. १९२७ साली तो निर्णय चुकीचा नव्हता. फक्त त्याने शेजाऱ्यांसाठी दार बंद केले.

सगळ्याच कंपन्या केइसेईसारख्या वागल्या असेही नाही. केइओ कंपनीचे रूळही १३७२ मिलिमीटरचेच होते. तिने ते बदलले नाहीत, म्हणून महानगर शासनानेच १९७८ साली सुरू केलेला शिंजुकू मार्ग १३७२ मिलिमीटरचा बांधला. मिता मार्ग १०६७ चा. परिणामी आज एकाच संस्थेच्या चार भुयारी मार्गांवर तीन निरनिराळी मापे आहेत. एका मापाच्या मार्गाचा डबा दुसऱ्या मापाच्या मार्गावर नेता येत नाही. ओशिआगे स्टेशनातच २००३ पासून १०६७ मिलिमीटरचा हानझोमोन मार्ग येतो. एका नावाखाली दोन स्टेशने म्हणा ना! तेथे प्रवाशाने जिने चढून गाडी बदलायची.

आपल्याकडेही हे चालू आहे, म्हणून तर हा लेख. मुंबईची लोकल १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर धावते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. तिचे रूळ १४३५ चे. दोहोंचा विद्युत्दाब एकच, २५ हजार व्होल्ट. पण रुळांमधल्या अंतरात २४१ मिलिमीटरांचा फरक, आणि मेट्रोचे डबेही अरुंद. मेट्रोच्या बाजूने सांगण्याजोगे पुष्कळ आहे: जगभर मिळणारी सामग्री, वळणांना सोयीचे माप, छोटे भुयार. दिल्लीने पहिले मार्ग १६७६ चे बांधले आणि नंतरचे १४३५ चे, ते उगीच नव्हे. माझी तक्रार मापाविषयी नाही. जमिनीखालचा निर्णय शंभर वर्षे बदलता येत नाही. तो घेताना ‘या भुयारात उद्या आणखी कोणाची गाडी येऊ शकेल?’ हा प्रश्न लोकांपुढे मोठ्याने विचारला जावा, एवढेच मला म्हणायचे आहे. तो विचारणारे नागरिक तुमच्या वर्गात बसलेले आहेत.

शिक्षकांना एक विनंती. ‘मापन आणि प्रमाणित एकके’ हा धडा दोन गुणांचा म्हणून आपण चटकन उरकतो. यंदा त्या तासाला फळ्यावर १०६७, १३७२, १४३५, १६७६ हे चार आकडे लिहा. मग विचारा: रूळ काटकोनात वळले, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब भरेल? मुलांना उत्तर काढू द्या. वळणाची त्रिज्या कितीही घेतली तरी ते तेच का येते, हेही त्यांनाच शोधू द्या.