पोहून पोट भरतं का?

मैत्रिणींनो, बचतगटाच्या कामासाठी मध्यंतरी मणिबेलीला गेले होते. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं हे गाव. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात आधी शिरलं ते इथेच. आता समोर अथांग पाणी आणि जाणं-येणं होडीनं. काठाजवळ दहा-बारा वर्षांची एक पोर मासोळीसारखी पोहत होती. मी कौतुक केलं, तर तिची आई हसून म्हणाली, "पोहून पोट भरतं का, बाई?"

तिचं काय चुकलं? परतताना होडीत मला वीरधवल खाडे आठवला. कोल्हापूरचा हा मुलगा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक जिंकलं. आशियाई जलतरणात भारताला पदक मिळालं ते तब्बल २४ वर्षांनी! पुढे २०११ चा अर्जुन पुरस्कार आणि राज्य सरकारची तहसीलदाराची नोकरी. कुठल्याही आईला हायसं वाटावं असंच हे सगळं.

पण मेख इथेच आहे. तहसील कचेरीचं काम आपण जाणतो. दाखले, पंचनामे, निवडणुका, पूर आला की रात्रीबेरात्री धावपळ. त्यात सकाळ-संध्याकाळ तलावावर जायचं कधी? वीरधवलचा सराव मागे पडला आणि तोही ऐन उमेदीच्या वर्षांत. तरी तो जिद्दीने परतला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या पहिल्या फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र कांस्यपदक हुकलं, ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो हो! सरावाची ती वर्षं हाती असती तर, असं मनात येतंच.

सरकारने नोकरी दिली हे चांगलंच केलं. पण खेळाडूला नुसती खुर्ची देऊन भागत नाही. जोवर तो खेळतोय तोवर सरावाची वेळ आणि हक्काची रजाही त्या नोकरीतच धरायला हवी.

आपल्याला तरी हे काय नवं आहे? शाळेत कबड्डी गाजवलेल्या कितीजणी लग्नानंतर पुन्हा मैदानावर गेल्या? "आता संसाराला लागा" म्हटलं की संपलं. म्हणूनच २०२३ ची गोव्यातली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा मला फार मोलाची वाटते. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण पुरुषांत वीरधवलने घेतलं आणि महिलांत त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने. घर एक, सुवर्णपदकं दोन! त्यानंतर वीरधवलने देशातल्या स्पर्धांचा निरोप घेतला.

मणिबेलीच्या त्या आईला मी तेव्हा काहीच बोलले नाही, याची चुटपुट लागून आहे. पुढच्या खेपेला सांगणार आहे. शालेय स्पर्धांमध्ये जलतरणही असतं, चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे पोहून पोट भरू शकतं, बाई. फक्त पोट भरायला लागल्यावर पोरीचं पोहणं सुटू नये, हे आपण सगळ्यांनी मिळून बघायचं.