निविदा नाकारली, पण कारण कोठे आहे?

सरकारी कामाचा मक्ता अमक्यासच का दिला आणि तमक्यास का नाकारला, हा तंटा मक्तेदारीइतकाच जुना आहे. परंतु ज्या राज्यात पूल, बोगदे आणि मेट्रोमार्ग यांवर सहस्रावधी कोटी रुपये खर्ची पडतात, तेथे तो दोन धनाढ्य कंत्राटदारांमधील भांडण म्हणून सोडून देणे करदात्यास परवडणारे नाही. कारण निविदेच्या छाननीत जे बाहेर फेकले जाते ते एखाद्या कंपनीचे केवळ कागद नसतात, तर कित्येकदा सरकारी तिजोरीची संभाव्य बचतही त्याच टोपलीत जाते.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ठाणे-घोडबंदर ते भाईंदर या पट्ट्यातील बोगदा आणि उन्नत मार्ग या सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या दोन कामांसाठी मागविलेल्या निविदांचे मे २०२५ मध्ये जे झाले, ते या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. लार्सन अँड टुब्रो ही कंपनी तांत्रिक छाननीत बाद ठरली, इतरांचे आर्थिक लिफाफे उघडले गेले, आणि आपण कोणत्या कारणाने बाद झालो हे आपणास कळविलेच नाही, अशी तक्रार घेऊन ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मक्ता प्रत्यक्ष दिला जाईपर्यंत अपात्र ठरलेल्याने आक्षेप घेऊ नये, अशा आशयाची अट निविदेतच असल्यामुळे उच्च न्यायालयाने तिला दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र या कंपनीचे देकार दोन्ही कामे मिळून सुमारे ३ हजार कोटींनी कमी असल्याचे तिच्या वतीने मांडले गेले, केंद्र सरकारने सेंट्रल व्हिस्टाचे काम जिच्या हाती दिले ती कंपनी येथे अपात्र कशी ठरते, असा प्रश्न खंडपीठाने केला, आणि थोड्याच दिवसांत, ३० मे रोजी, प्राधिकरणाने दोन्ही निविदा रद्द केल्याचे न्यायालयास सांगितले.

खंडपीठाचा तो प्रश्न स्वाभाविक असला, तरी कसोटी म्हणून तो पुरेसा नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. दिल्लीतील लौकिक हा ठाण्यातील अटींच्या पूर्ततेचा पुरावा होऊ शकत नाही. आणि तांत्रिक पात्रता ठरविताना दराकडे पाहावयाचे नाही, याचसाठी तर दोन लिफाफ्यांची पद्धत निघाली. कंपनीने अटी पुरेपूर पाळल्या होत्या की नव्हत्या, हा मूळ प्रश्न; आणि निविदाच मागे घेतल्या गेल्याने नेमका तोच अनिर्णित राहिला. प्राधिकरणाची छाननी निर्दोष असेल, तर ते निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधी त्याने आपण होऊन गमावली. सदोष असेल, तर तो दोष दफ्तरात झाकून राहिला. एवढ्या खटाटोपानंतर जनतेच्या हाती आले ते काय? निव्वळ फेरनिविदा.

न्यायालये या क्षेत्रात जपून पाऊल टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण या सावधपणाच्या आधी न्यायालयाने काय ठरवून दिले होते, हे विसरता कामा नये. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरील उपाहारगृहासाठी १९७७ च्या जानेवारीत निविदा मागविल्या गेल्या, तेव्हा द्वितीय श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक आणि किमान ५ वर्षांचा अनुभव, अशी अट जाहिरातीत होती; मक्ता मिळाला तो मात्र दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊ करणाऱ्या, परंतु तशी नोंदणी नसलेल्या कँटीनचालकास. गंमत अशी की, तक्रार करणाऱ्याचीही ती पात्रता नव्हती. त्याचे म्हणणे एवढेच, की अट शिथिल होणार हे ठाऊक असते, तर मीही निविदा भरली असती! विलंबादी कारणांस्तव त्याला प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तथापि, शासनाने स्वतः घालून दिलेली कसोटी शासनावरही बंधनकारक असते, हे तत्त्व रमण दयाराम शेट्टी खटल्याच्या १९७९ च्या निकालाने प्रस्थापित केले. अट ऐनवेळी वाकविली, की अन्याय केवळ स्पर्धेत हरलेल्यावर होत नाही; ती अट वाचून जे घरीच बसले, त्यांच्यावरही होतो.

पुढे मोबाईल सेवेच्या परवान्यांसंबंधीच्या टाटा सेल्युलर प्रकरणात, १९९४ साली, सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून घेतली: निर्णय बरोबर की चूक हे न्यायालय पाहणार नाही, तो कोणत्या रीतीने घेतला एवढेच पाहील. २०१६ साली नागपूर मेट्रोच्या प्रकरणात ही मर्यादा अधिक घट्ट झाली. चीनमधील शहरांना जोडणाऱ्या रेल्वेचे काम हा मेट्रोकामाचा अनुभव मानावा काय, असा तेथे वाद होता. उच्च न्यायालयाने मानावा म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले आणि सांगितले, की ज्याने निविदेचा मसुदा लिहिला, त्यालाच त्याचा अर्थ उत्तम कळतो. त्यात विशिष्ट अनुतोष कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना मनाईहुकूम देण्यावर कायद्यानेच निर्बंध आले. रस्ता अडवून धरणाऱ्या दाव्यांचा ज्यांना अनुभव आहे, ते याचे स्वागतच करतील.

मात्र न्यायालयाने दार अर्धे लोटून घ्यावे, हे तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा तक्रारदारास ठोठावण्यासाठी दुसरे एखादे दार असते. २०१२ साली लोकसभेत मांडलेल्या सार्वजनिक खरेदी विधेयकात निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीची तरतूद होती. ते विधेयक २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच लयास गेले. तामिळनाडूने १९९८ साली व कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे करून त्यांत अपिलाची सोय केली. ती अपिले प्रशासनाच्याच वरिष्ठांपुढे जातात हे उणे खरे, पण निदान दार आहे. महाराष्ट्रात असा कायदा नाही. येथे शासननिर्णयांवर आणि प्रत्येक निविदेतील अटींवर कारभार चालतो, आणि त्या अटी लिहितो तोच, ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार व्हायची असते.

तक्रारींना वाट करून दिली की कामे रखडतात, असा आक्षेप येईल. परंतु युरोपीय संघात मोठ्या कामांच्या निविदांबाबत निर्णय कळविल्यानंतर किमान १० दिवस करार करता येत नाही, आणि तेवढ्याने तेथील बोगदे अडलेले नाहीत. १० दिवसांचा विलंब मोठा, की १४ हजार कोटींच्या निविदा पहिल्यापासून पुन्हा मागविण्याचा? शिवाय दर आणि गुणवत्ता या दोहोंना गुण देऊन निवड करण्याची मुभा केंद्राने २०२१ पासून बांधकामांनाही, गुणवत्तेचा वाटा फार तर ३० टक्के ठेवून, दिली आहे. अधिकाऱ्यांच्या अभिप्रायाला जेथे असे मोल आले, तेथे त्या अभिप्रायाची कारणे कागदावर असणे अधिकच अगत्याचे.

राज्य सरकारने स्वतंत्र अपील प्राधिकरणाचा कायदा येत्या अधिवेशनात आणावा. बाद ठरलेल्यास आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वी लेखी कारण देणे, आणि आक्षेप मक्ता दिल्यानंतरच घ्यावा ही अट काढून टाकणे, यांसाठी मात्र विधिमंडळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्यास एका परिपत्रकावरील सही पुरते.