डांबर आणि चिखल, दोन्हीची गाडी

गेल्या महिन्यात पुतण्यानं विचारलं, "काका, एक्सपल्स घेऊ की हिमालयन?" आपल्या बेळगावात बऱ्याच घरांत सध्या हाच वाद चालू आहे, म्हणून यावेळचं सदर त्यावरच.

डांबर आणि कच्चा रस्ता अशा दोन्हींसाठी केलेल्या गाडीला ड्युअल पर्पज म्हणतात. आपल्याकडं ती नुसती हौस नाही. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरा. एकाच फेरीत गुळगुळीत डांबर, खड्डे, लाल चिखल, सगळं भेटतं.

माहितीपत्रक हातात आलं की पोरं आधी सीसी बघतात. माझं म्हणणं, आधी चाक बघा. या दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक २१ इंची आहे, साध्या गाडीचं १७ किंवा १८. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, दगडावर सहज चढतं. डांबरी वळणावर मात्र ते थोडं आळशी वाटतं. मग बघा सस्पेन्शनची हालचाल, म्हणजे चाक किती वर-खाली होऊ शकतं. एक्सपल्स २०० फोर-व्हीमध्ये ती पुढं १९० मि.मी., मागं १७०. हिमालयन ४५० मध्ये दोन्हीकडं २००. साध्या गाडीत पुढं १२०-१३० असते. एवढी हालचाल द्यायची म्हटल्यावर गाडी उंच होणारच. दोघींची सीट जमिनीपासून ८२५ मि.मी.वर, म्हणजे साडेबत्तीस इंच. आमचा पुतण्या साडेपाच फुटांच्या आतला. शोरूममधल्या फरशीवर त्याचे पाय टेकतात, पण उतारावरच्या चिखलात टेकतील का, हा खरा प्रश्न. (त्याच्या आजीला मागं कसं बसवायचं, हा त्याहून मोठा!)

आता वजन. एक्सपल्स १५८ किलो, हिमालयन १९६. फरक ३८ किलोंचा, म्हणजे पंचवीस किलोवाली तांदळाची दीड पोती. चालती गाडी हे वजन जाणवू देत नाही. पण आडवाटेला गाडी आडवी झाली आणि सोबत कुणी नसलं, तर ती उभी करणारे हात तुमचेच. कच्च्या वाटेवर गाडी कधीतरी पडतेच, त्यात लाज नाही. म्हणून नवशिक्यानं हलकीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताकदीत मात्र तुलनाच नाही. एक्सपल्सचं १९९.६ सीसीचं इंजिन १९ पीएसच्या आसपास देतं, हिमालयनचं ४५२ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन ४०. पुण्यात नोकरी आणि दर शनिवारी घरी, असं असेल तर हायवेवर एक्सपल्सला दम लागतो. तिथं हिमालयनच बरी. पण किंमतही जवळजवळ दुप्पट मोजावी लागते.

ब्रेककडं फार कुणी बघत नाही, आणि जीव तिथंच अडकलेला असतो. एक्सपल्सचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. पावसात घाट उतरताना मागचा ब्रेक घाबरून दाबला, तर मागचं चाक लॉक होऊन गाडी घसरू शकते. हिमालयनला दोन्ही चाकांना एबीएस आहे, आणि मातीत मागचं बंद करता येतं. सुट्या मातीवर एबीएस ब्रेक सोडत-धरत राहतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून ती सोय. डांबरावर परत आल्यावर ते चालू आहे ना, हे बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

स्पोकच्या चाकांचंही सांगतो. दणका बसला तर अलॉय तडकतं, स्पोकचं चाक वाकून सरळ करता येतं. पण बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. कणकुंबीच्या पुढं पंक्चर झालं तर दुकान शोधत बसाल. जादा ट्यूब, पाने आणि हातपंप पिशवीत हवाच, आणि ट्यूब बदलायला घरीच शिकून घ्या.

पुतण्याला मी एक्सपल्सच सुचवली. वाचलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि घोट्यापर्यंतचे बूट आधी घ्यायचे, या अटीवर. टेस्ट राइडला तेच बूट घालून जा, आणि मागं घरचं कुणीतरी बसवून बघा.