राखाडी खडूची गोष्ट

बालमित्रांनो, तुमची रंगीत खडूंची पेटी जरा उघडा बरं. सगळ्यांत कमी झिजलेला खडू कोणता? राखाडी! आमच्या वर्गातही तेच. लाल, पिवळा दिवाळीआधीच संपतात. राखाडी मात्र वर्षअखेरीलाही नवाकोरा. "बाई, तो मळका दिसतो," असं मुलं म्हणतात. आज अशा एका चित्रकर्तीची ओळख करून देते, जिनं या मळक्या रंगावर मनापासून प्रेम केलं.

तिचं नाव ॲन रेडपाथ. जन्म १८९५ सालचा, स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स गावचा. वडील ट्वीड कापडाचे नमुने तयार करत. ट्वीड म्हणजे जाड लोकरी कापड. लांबून पाहिलं तर नुसतं राखाडी. पण जवळ जाऊन पाहा, मध्येच लाल किंवा पिवळ्या धाग्याचा ठिपका चमकतो! वडील कापडात जे करत तेच मी चित्रात करते, असं ॲन पुढे सांगायची.

एडिंबरोच्या कला महाविद्यालयात ती शिकली. १९२० साली लग्न झालं. मग फ्रान्समध्ये संसार आणि तीन मुलगे. त्या वर्षांत चित्रं फारशी झालीच नाहीत. हौस म्हणून घरातल्या लाकडी सामानावर ती फुलं-पक्षी रंगवी. १९३४ साली स्कॉटलंडला परतल्यावर तिनं पुन्हा जोमानं ब्रश हाती घेतला. विषय शोधायला लांब गेली नाही. घरातलं टेबल, कपबशी, सुरईतली फुलं, बस्स! अशा चित्राला स्थिरचित्र म्हणतात.

तिच्या अशा तैलचित्रांत पुष्कळदा टेबल वरून पाहिल्यासारखं कललेलं असतं. सुरई मात्र समोरून दिसते. भोवती फिकट राखाडी, पांढरट रंग; आणि त्यात लाल-पिवळ्याचा एखादाच ठिपका. आपली नजर नेमकी तिथंच जाते! का बरं? वर्गात सगळेच ओरडू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. बाकीचे शांत असले, की एकाचा हळू आवाजही पोचतो. रंगांचंही तसंच आहे. फिकट रंगांशेजारी भडक रंग अधिकच उठून दिसतो.

१९५२ साली रॉयल स्कॉटिश ॲकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व ॲनला मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री-चित्रकार. १९६५ साली ती वारली. तिची चित्रं आजही एडिंबरोच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहेत.

खरं सांगू? मीसुद्धा मुलांना सांगत असे, "मागची जागा छान भडक रंगानं भर." ॲनची चित्रं पाहिल्यापासून सांगायचं सोडलं.

आता तुमचं काम. तांब्यात एक लाल फूल ठेवा आणि त्याची दोन चित्रं काढा. एकाच्या मागे पिवळा रंग भरा, दुसऱ्याच्या मागे राखाडी. दोन्ही भिंतीला लावून दहा पावलं मागे या. कोणतं फूल आधी हाक मारतं, ते मला जरूर कळवा हं!