बिदरची माती आणि काकीनाड्याचा गाळ

बंदरातील गाळ समुद्रकाठी दिसतो, म्हणून तो तिथेच जन्मतो, असे मानण्याची प्रशासनाची जुनी सवय आहे. नौकामार्ग उथळ झाला की ड्रेजर आणायचा, गाळ उपसून खोल समुद्रात टाकायचा आणि पुन्हा निविदा काढायची. माती आली कुठून, याला त्या हिशेबात रकानाच नसतो.

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे सीमावर्ती जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. तरीही त्यांच्या मातीची वाट बंगालच्या उपसागराकडे जाते. कारंजा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. कलबुर्गीची कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. गोदावरीने आणलेल्या गाळातूनच गेल्या सुमारे दोन शतकांत काकीनाड्यासमोर होप बेट ही वाळूची लांब जीभ वाढली. जाडी वाळू लाटांनी तिथे रचली, बारीक चिखल तिच्यामागच्या उपसागरात बसला. बंदराला आडोसा मिळाला आणि त्याच गाळाने पाणी उथळही केले. शेजारचे कोरिंगा हे एकेकाळचे नावाजलेले बंदर तर वादळे आणि गाळ यांनी संपवले.

आज ही माती वाटेतच अडते. बिदरच्या खाली मांजरेवर 1931 मध्ये पूर्ण झालेल्या निजामसागराची मूळ क्षमता 29 टीएमसीहून अधिक होती. चार-पाच दशकांत ती निम्म्याच्याही खाली आली. कृष्णेवरील श्रीशैलमची 308 टीएमसी क्षमता सुमारे 215 वर उतरली. उलट, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ पोहोचत असे. शतक बदलताना तो 6 कोटी टनांच्या आसपास राहिला.

मग ड्रेजिंग कमी व्हायला नको का? तसे होत नाही. किनाऱ्यालगतची वाळू लाटा सरकवत राहतात आणि खणलेल्या, संथ पाण्याच्या मार्गात ती हमखास बसते. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध कसा उभा राहतो, हे गोमंतकीयांना सांगायला नको. काकीनाड्यात तर उत्तरेकडील उप्पाडा गावाचा किनारा वाळूअभावी खचतो आहे. टंचाई आणि अतिरेक, दोन्ही काही किलोमीटरच्या अंतरात!

विशाखापट्टणमने यावर व्यवहारी वाट धरली: बंदराच्या वाळूसापळ्यातून उपसलेली वाळू शहराच्या खचणाऱ्या किनाऱ्यावर टाकली जाते. धरणांसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. साठलेला सुपीक गाळ शेतात परत नेण्याची ही कल्पना कारंजा खोऱ्यालाही लागू पडते. अडचण खात्यांची आहे. धरणे पाटबंधारे खात्याकडे, बंदरे वेगळ्या मंत्रालयाकडे, बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे. बिदरच्या उतारावर बांध घालण्याचा खर्च सोसणाऱ्या खात्याला निजामसागरात वाचलेल्या पाण्याचे श्रेय मिळत नाही. त्यामुळे असे बांध अंदाजपत्रकात नेहमी शेवटी राहतात.