खाली नजर

ठाण्यात मला नाव नंतर विचारलं. आधी म्हणाले, ‘वर बघ. डोळ्यात डोळे घालून बोल.’ वस्तीशेजारची कुणाची तरी मोटारसायकल गेली होती. माझी नजर वर होईना. हवालदार साहेबाला म्हणाला, ‘बघा, नजर चोरतंय. खोटं बोलतंय.’

च्यायला! ही नजर खाली ठेवायला माझ्या आज्याला शिकवलं कोणी? वाड्यापुढनं मान वर करून गेला तर माज आला म्हणून पाठीत काठी. आणि नातवानं ठाण्यात मान खाली घातली तर तो खोटारडा! घाम फुटला, जीभ अडखळली, हात कापले, ही म्हणे खोट्याची लक्षणं. अरे, ही भीतीची लक्षणं आहेत. आणि भीती कुणाच्या वाट्याला दिली ते मनूला विचारा.

बाँड आणि डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेवर अभ्यासांचा हिशोब मांडला. खरं-खोटं ओळखायला बसवलेली माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर. नाणं उडवा, ५० येतील. एवढ्या चार गुणांवर आमच्या पोरांच्या तंगड्या तोडतात!

तेव्हा भावांनो, चेहरे सोडा. सांगितलेली गोष्ट तपासा.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. मग गोष्ट आली : जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. सांगताना घाम कुणाला फुटला? जीभ कुणाची अडखळली? इस्त्रीच्या कपड्यात, खुर्चीत बसून सांगितली गोष्ट.

‘करावा लागला.’ हा ‘लागला’ दिसला की थांबा. कुणी केला? हुकूम कुणाचा? बंदूक आपोआप उडते काय? वस्तीतली माणसं रडत, ओरडत, एकमेकांचं तोडत उलट सांगत होती. खरं तीच बोलत होती. टँकरची गोष्ट गुंडेवार आयोगापुढे टिकली नाही. २००९ साली कोर्टानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. बारा वर्षांनी! पुढं जामीनही झाला.

त्या दिवशी हवालदारानं माझा जबाब लिहिला. मी म्हटलं, ‘वाचून दाखवा, मग सही करतो.’ तो रजिस्टरातच बघत राहिला. मी आता त्याच्याकडे बघत होतो.