गप्प बसणं म्हणजे नाकारणं नव्हे

जेम्स बाल्डविनची १९५७ सालची ‘सनीज ब्लूज’ ही कथा वाचली, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या दोन कृष्णवर्णीय भावांची ही गोष्ट. धाकटा सनी पियानो वाजवतो आणि हेरॉइनपायी तुरुंगात जातो. थोरला शाळेत बीजगणित शिकवतो. भाऊ पकडला गेल्याचं त्याला पेपरातून कळतं, तरी कितीतरी दिवस तो साधं पत्रही लिहीत नाही. रक्त एक, वर्ण एक, वस्ती एक, आणि तरी ऐकणं नाही! मग जिथे वर्णही वेगळा, तिथे काय होत असेल?

अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांत हा प्रश्न रोजचा आहे. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत गोरा समुपदेशक, दुसरीत कृष्णवर्णीय रुग्ण. रुग्ण मोजकंच बोलतो, घरचं विचारलं की विषय बदलतो. व्यसनमुक्तीच्या भाषेत याला पटकन ‘डिनायल’ म्हणतात, म्हणजे याला आपलं व्यसन मान्यच नाही. मला ही घाई वाटते. त्या गप्प बसण्याला इतिहास असू शकतो.

१९८६च्या कायद्याने तिथे ५ ग्रॅम क्रॅक कोकेन विकणाऱ्याला किमान ५ वर्षं तुरुंगवास ठरवला. पावडर कोकेनसाठी तीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. मूळ द्रव्य एकच, पण क्रॅकच्या खटल्यांत बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय होते. २०१०मध्ये हे १००:१ प्रमाण १८:१ केलं, बरोबरी तेव्हाही केली नाही. त्याआधी टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं, सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्य खात्याने नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. हे ऐकत वाढलेला माणूस फाइल घेऊन बसलेल्या अनोळखी माणसापुढे जपून बोलला, तर त्याचं काय चुकलं? शिवाय अनेकांना कोर्टानेच उपचाराला पाठवलेलं असतं. ‘परवा पुन्हा नशा केली’ हे खरं सांगितलं आणि ते न्यायाधीशापर्यंत गेलं तर? ही भीती खोटी नाही.

कुणी म्हणेल, चांगला समुपदेशक रंग बघतच नाही, माणूस बघतो. ऐकायला छान वाटतं. पण त्या रुग्णाला दुकानात, रस्त्यावर, पोलिसांच्या गाडीपाशी त्याचा रंग रोज आठवून दिला जातो. ‘मला रंग दिसत नाही’ म्हणजे तुझं अर्धं आयुष्य मला दिसत नाही, असंच झालं की!

मग समुपदेशकही त्याच वर्णाचा द्यावा का? असे समुपदेशक जास्त हवेतच, रुग्णाला निवडताही यायला हवं. पण तेवढ्याने भागत नाही, हे सनीच्या भावाकडे पाहून कळतं. शिकून सावरलेल्या माणसाला आपल्यातल्याच घसरलेल्याची लाजही वाटत असते.

मला वाटतं, ज्याच्या हातात पेन आणि फाइल आहे त्याने आधी बोलावं. ‘मी गोरा आहे, तुम्ही नाही. माझ्याशी बोलताना त्यामुळे अवघड होतं का?’ इतकं साधं विचारावं. उत्तर ‘हो’ आलं, तर स्वतःची बाजू मांडत बसू नये. कोर्टाला काय कळवावं लागेल आणि काय नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. विश्वास मागून मिळत नाही, तो असा थोडाथोडा जमतो.

कथेच्या शेवटी थोरला भाऊ क्लबच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून सनीचा पियानो ऐकतो. सल्ला देत नाही, नुसतं ऐकतो. आपल्यातले काहीजण उद्या समुपदेशनाकडे वळतील. आपल्याकडे रंगाआधी आडनाव बघतात. तेव्हा समोरचा गप्प बसला, तर फाइलमध्ये ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिण्याआधी मिनिटभर थांबाल ना?